जरा सरका

गावच्या चर्चमध्ये आता खुर्च्या आल्यात. लाल प्लास्टिकच्या, पाठीवर देणगीदारांची नावं रंगवलेल्या. नाताळाआधीच्या रविवारी गेले तेव्हा सतरंज्यांची चौकशी केली. पाळकांच्या बायकोनं मागच्या खोलीकडं बोट दाखवलं. तिथं त्या गुंडाळून उभ्या होत्या. रॉकेलचा, खोबरेल तेलाचा, लहान पोरांच्या मुताचा वास नाकात गेला आणि मी थेट आईच्या कडेवर.

लहानपणीच्या एका रविवारी आई मला घेऊन चर्चला उशिरा आली होती. ओठ सुजलेला, पदर पुढं ओढलेला. आदल्या रात्री आमच्या घरात काय झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. बायकांच्या बाजूला मुंगीला जागा नव्हती. एका बाईनं घातलेली मांडी मोडली, शेजारणीला कोपरानं ढोसलं, "सरक गं जरा." वीतभर जागा झाली. पेटी वाजतच होती. त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही, टाचेच्या भेगा आठवतात.

उपासनेनंतर तिनं आम्हाला पिठलं-भाकरी घातली. संध्याकाळी मंडळीतली दोन म्हातारी माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली. उपदेश नाही, प्रार्थना नाही. तंबाखू मळत नुसती बसून राहिली. बाप घरात चिडीचूप. त्या रात्री मी सलग झोपले.

नगरकडच्या ख्रिस्ती माणसानं लिहायला घेतलं की टिळक येतातच. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई एकट्या पडल्या. पुढं नवऱ्याकडं आल्या त्याही सोवळं सांभाळून, आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातल्या त्यांच्या विनोदाला लोक हसतात. मला मात्र त्या पानांत आधी एक धास्तावलेली बाई दिसते. केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींचंही तेच. त्यांना धर्म नंतर कळला असेल. आधी ताट मिळालं, अंथरूण मिळालं.

टिळक चित्पावन, आम्ही मातंग. उपासनेला एकाच सतरंजीवर बसणार, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. आईला ते मरेपर्यंत वाटत होतं, आणि तिच्यापुरतं ते खरंही होतं. त्या ढोसलेल्या कोपरापायी तिनं एक रविवार चुकवला नाही.

माझ्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा मंडळीतल्याच एका प्रतिष्ठितानं चहाची बशी खाली ठेवत विचारलं, "मूळचे कोण तुम्ही?" आई उठून आत गेली. तो राग माझा अजून गेलेला नाही आणि घालवायची मला घाईही नाही.

आता माझ्या मुलीसाठी स्थळं येतात. हाच प्रश्न येतो, फक्त फोनवर. विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते: आमच्याकडून नकार समजा.