पकडायचा आणि सोडायचा

पेनसिल्व्हेनियात कार्लाइल गावाजवळ लेटॉर्ट नावाचा छोटा ओढा आहे. चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी, बाराही महिने जवळपास सारखंच गार. आणि नितळ इतकं, की ट्राउट आपल्याला दिसायच्या आधी आपणच त्याला दिसतो! म्हणून गुडघ्यावर बसून गळ टाकायचा.

गळाला आमिष नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, म्हणजेच 'फ्लाय'. व्हिन्सेंट मरिनारोसाहेबांनी याच ओढ्याकाठी पाण्यावरच्या चिमुकल्या किड्यांचा अभ्यास केला आणि १९५० साली पुस्तक लिहिलं. किडा प्रवाहाबरोबर आपसूक वाहिला पाहिजे. दोरीने जरा जरी ओढला गेला, की ट्राउटने तोंड फिरवलंच म्हणून समजा.

आणि एवढा खटाटोप करून मासा परत सोडायचा! फोनवर मालवणला आईला सांगितलं, तर म्हणाली, "खावचो नाय, तर मगे त्येका त्रास कित्याक दितस?"

काय बोलणार? उलटा दात नसलेला हुक वापरतो, मासा पाण्याबाहेर काढत नाही, हे सगळं सांगून झालं. पण प्रश्न आहे तिथेच आहे. हल्ली कधीकधी दोरी न टाकता ट्राउट किडे कसे टिपतो, तेवढंच बघत बसतो. दिवस मस्त जातो. तुम्ही काय केलं असतं?