भाड्याचे विंडोज

७ जुलै २०२५, सोमवार
सकाळीच नवघर रोडवरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यातून शेठचा फोन. टॅली उघडत नाही. गाळ्यातून नाही, सीएच्या ऑफिसातूनही नाही. रिमोट डेस्कटॉपचा लायसन्स सर्व्हर सापडत नाही, असे स्क्रीनवर येते. क्लाउडवरचे मशीन तर चालू आहे. मार्चमध्ये बसवलेले. लायसन्सशिवाय वापरायची १२० दिवसांची सवलत संपली.

रात्री
विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोघांनाच आत जाता येते, तेही देखभालीपुरते. कामासाठी माणसागणिक रिमोट डेस्कटॉपचे वेगळे लायसन्स. इथे पाच जण रोज बिले करतात. बसवून देणाऱ्याने हे कुणालाच सांगितले नव्हते.

८ जुलै
मीरा रोडला मोर्चा. घरूनच काम.
बसवून देणारा फोनवर म्हणतो, "रजिस्ट्रीतली एक की उडवतो, परत १२० दिवस मिळतील." नको म्हटले. ही चोरी आहे आणि ती शेठच्या नावावर राहील.
देखभालीच्या वाटेने आत गेलो. बॅकअप उतरवला, टॅलीचे लायसन्स तिथून सरेंडर केले.

९ जुलै
गाळ्यातल्या संगणकावर टॅली सुरू. बाकीचे लॅनवर. पाऊस थांबत नाही. शेठ सारखे दाराशी जाऊन पाणी बघतात. क्लाउडवर जायचे कारणच हे पाणी. संध्याकाळी संगणक माळ्यावर चढवला.

११ जुलै
जीएसटीआर-१ गेला. आज शेवटची तारीख होती.

१२ जुलै
बिल उघडून बसलो. दोन मशीन, प्रत्येकी ४ व्हीसीपीयू, दोन्हींवर विंडोज, रात्रंदिवस चालू. विंडोजचे भाडे वेगळे दिसत नाही, तासाच्या दरातच मिसळलेले असते. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये २ व्हीसीपीयूचे एम५.लार्ज लिनक्ससह तासाला ०.१०१ डॉलर, विंडोजसह ०.१९३. यंत्र तेच. म्हणजे एका व्हीसीपीयूमागे तासाला ४.६ सेंट नुसत्या विंडोजचे. त्याच दराने आपले ८ व्हीसीपीयू, महिन्याचे ७३० तास: जवळपास २६९ डॉलर. आजच्या भावाने सुमारे २३ हजार रुपये. वर १८ टक्के जीएसटी.
शेठ बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "भाऊ, एवढ्यात पॉलिशला एक कारीगर ठेवला असता."

१३ जुलै
दुसऱ्या मशीनवर काय आहे? हजेरी आणि ऑर्डर घ्यायचे पान. पीएचपी, मायएसक्यूएल. याला विंडोज कशाला? उबुंटूवर चालते, डेबियनवर चालते, लायसन्सचा पैसा लागत नाही. फार राग आला.

१५ जुलै
शेठचा प्रश्न: ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरचे विंडोज विकत घेतलेले आहे, तेच क्लाउडवर नेता येणार नाही का? नाही. ते यंत्राबरोबर आले, त्याच यंत्रापुरते. मोठ्या कंपन्या सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्ससह लायसन्स घेतात आणि अ‍ॅझ्युअरवर तीच वापरून भाडे वाचवतात. पण विंडोज सर्व्हर घ्यायचे तर किमान १६ कोअरचे. स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्याला ते परवडणारे नाही.

१९ जुलै
हजेरी उबुंटूवर हलवली. कामगारांची मराठी नावे सगळी प्रश्नचिन्हे झाली होती. डेटाबेस यूटीएफ८एमबी४ करून माहिती पुन्हा चढवल्यावर नीट उमटली.

२० जुलै
जीएसटीआर-३बी भरले.

२२ जुलै
टॅलीला विंडोज लागतेच. टॅली परत क्लाउडवर नेली, तिथले मशीन २ व्हीसीपीयूचे केले. सकाळी ९ ते रात्री ९, रविवारी बंद. मशीन थांबले की विंडोजचे भाडे थांबते, डिस्कचे मात्र चालू राहते. महिन्याला ३१२ तास धरले तर विंडोजचे २९ डॉलरसुद्धा होत नाहीत. रिमोट डेस्कटॉपची पाच लायसन्स रीतसर, बिलावर. हा खर्च टाळायचा नाही.

२५ जुलै
शेजारचे दोन गाळेवाले आपापली बिले घेऊन आले. दोघांकडेही तेच, वेबसाइटसुद्धा विंडोजवर. त्यांना सांगितले ते इथेही लिहून ठेवतो: कोटेशनमध्ये विंडोजचा आकडा वेगळा मागा. रिमोट डेस्कटॉपची लायसन्स किती माणसांची, हे कागदावर घ्या. त्याशिवाय सही करू नका.