तीनशेची मर्यादा

संग्रह हा शब्द व्यापाऱ्याच्या घरात दोन वाटांनी येतो. एक वाट गोदामाकडून येते. भाव पडला असता माल भरून ठेवावा, चढला असता काढावा, हे तेथील शहाणपण. दुसरी वाट स्वाध्यायाकडून येते, आणि तेथे हाच शब्द परिग्रह होऊन सावधगिरीची सूचना देतो. परभणीच्या मोंढ्यात तीन पिढ्यांची आडत चालविणाऱ्या एका श्रावक कुटुंबातील धाकट्या बंधूंच्या आयुष्यात या दोन्ही वाटा एका काचेच्या कपाटापाशी येऊन मिळाल्या. त्या कपाटात धान्याचे नमुने नव्हते की जुन्या वह्याही नव्हत्या. तेथे होत्या परदेशी गाण्यांच्या सीडी. सोल, फंक, रॉक आणि कंट्री या प्रकारांतील, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी निघालेल्या आणि पुढे नव्याने प्रकाशित झालेल्या तबकड्या.

मोंढ्यातील माणसाला हे खूळ लागले कसे, असा प्रश्न पाहुणे नेहमी विचारीत. उत्तर साधे होते. वाणिज्य शाखेच्या शिक्षणासाठी ते पुण्यास वसतिगृहात राहिले. तेथे गोव्याकडील एका सोबत्यापाशी ओटिस रेडिंग या गायकाची कॅसेट होती. बंदराच्या धक्क्यावर बसून भरती-ओहोटी पाहणाऱ्या माणसाचे ते गाणे. शेवटी शब्द संपतात आणि गायक नुसती शीळ घालतो. तेव्हाचे त्यांचे इंग्रजी बेताचे होते. पण ती शीळ समजण्यास भाषा लागली नाही. हे गाणे ध्वनिमुद्रित केल्यावर काही दिवसांतच, 10 डिसेंबर 1967 रोजी, वयाच्या अवघ्या 26 व्या वर्षी हा गायक विमान अपघातात गेला आणि गाणे त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाले, हे त्यांना पुढे कळले. शिक्षण संपवून ते परभणीला परतले आणि आडतीच्या गादीवर बसले. ती शीळ मात्र सोबत आली.

सीडी प्रथम 1982 मध्ये जपानच्या बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर प्रत्येक सेकंदाचा आवाज 44,100 आकड्यांच्या नोंदींत लिहिलेला असतो. नवे साधन आले तसे कंपन्यांनी आपल्या तळघरांतील जुन्या ध्वनिफिती बाहेर काढल्या. काही लहान संस्थांनी तर हेच आपले काम मानले. लॉस एंजेलिसमधील ऱ्हायनो मुळात तबकड्यांचे एक दुकान होते. लंडनची एस आणि जर्मनीची बेअर फॅमिली या संस्था विसरलेल्या गायकांचा शोध घेत, मूळ फिती मिळवीत आणि सीडीबरोबर एक पुस्तिका देत. कोणते गाणे कोणत्या दिवशी मुद्रित झाले, तबला-पेटीच्या जागी तेथे कोण काय वाजवीत होते, कोणते गाणे नाकारले गेले, हे सर्व त्या पुस्तिकेत असे. रोजमेळ लिहून मोठे झालेल्या माणसाला या नोंदी गाण्याइतक्याच प्रिय झाल्या. वसुलीसाठी मुंबईला जाणे होई तेव्हा काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस या दुकानात ते एखादा तास काढीत. तेथील छोट्या कक्षांत उभे राहून ऐकता येई. निघताना एखादी, फार तर दोन सीडी पिशवीत पडत.

त्या पुस्तिकांमधूनच त्यांना एक अनपेक्षित नाते सापडले. ओटिस रेडिंग जेथे गात असे ते मेम्फिस शहर हे मिसिसिपी नदीकाठची कापसाची मोठी पेठ होते. जॉनी कॅश या कंट्री गायकाचे बालपण आर्कान्सामधील डायस या वसाहतीत कापूस वेचण्यात गेले. स्टेपल सिंगर्स या गायक कुटुंबाच्या वडिलांनीही तरुणपणी मिसिसिपीतील मळ्यावर कापसाचेच काम केले होते. एक गौरवर्णी, दुसरे कृष्णवर्णी. गाण्याची घराणी निराळी, पण शेत एकच. परभणीच्या त्या कुटुंबाचे आजोबाही कापसाचे खरेदीदार होते. 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, खासगी खरेदी थांबली आणि घराला तूर-ज्वारीच्या आडतीकडे वळावे लागले. कापसाचा तो जुना काटा मात्र माडीच्या जिन्याखाली राहिला. त्याच जिन्याने वर जाऊन नातू सातासमुद्रांपलीकडील कापूसवेच्यांच्या मुलांची गाणी ऐकत असे.

व्यापारी म्हणून त्यांना सर्वांत लागलेली कथा मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीची. एका बहीण-भावाने ती चालविली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून नाव झाले. बंद पडलेल्या चित्रपटगृहात त्यांनी ध्वनिमुद्रण सुरू केले. बाहेरच्या शहरात गोऱ्या-काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळ्या. आत मात्र दोन काळे आणि दोन गोरे वादक एका वाद्यवृंदात बसत. गाणी देशभर गाजली. पण वितरण करणाऱ्या मोठ्या कंपनीशी केलेल्या करारात मूळ ध्वनिफितींची मालकी त्या कंपनीकडे जाईल असे कलम होते आणि भावाने ते न वाचता सही केली होती. 1968 मध्ये हे उघड झाले. ओटिस रेडिंगच्या गाण्यांसह वर्षानुवर्षांचा माल एका सहीत परक्याचा झाला. 1975 च्या अखेरीस कंपनीचे दिवाळे निघाले. ही हकिगत त्यांनी एकदा अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितली. अण्णा एवढेच म्हणाले, “विश्वासानं धंदा चालतो, पण कागद वाचल्याशिवाय विश्वास ठेवणं म्हणजे आळस.”

अण्णांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलेले होते. धोतरे किती, भांडी किती, सोने किती, याची मर्यादा त्यांनी वहीत लिहून ठेवली होती. मुलाच्या कपाटाविषयी ते कधी रागावले नाहीत. गाणी इंग्रजी आहेत याचीही त्यांनी तक्रार केली नाही. एके दिवशी माडीवर येऊन त्यांनी चकत्या मोजल्या आणि विचारले, “किती झाल्यावर पुरे?” मुलाला उत्तर सुचेना. “ज्याला पुरे म्हणता येत नाही तो माल आपला नसतो, आपण त्याचे असतो,” असे म्हणून अण्णा खाली गेले. त्या रात्री मुलाने वहीच्या पहिल्या पानावर आकडा लिहिला: तीनशे. तीनशे एकावी आली की एक जायची.

मर्यादेने संग्रह मेला नाही. उलट त्याला दृष्टी आली. एकच जुना अल्बम कंपन्या पाच-सात वर्षांनी नव्या वेष्टनात पुन्हा विकतात, हे लक्षात येऊ लागले. कधी त्यात खरी भर असते. कॅशने 1968 मध्ये फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर केलेल्या कार्यक्रमाच्या 1999 च्या आवृत्तीत पूर्वी वगळलेली तीन गाणी मिळाली. ती घेणे योग्य होते. पण पुष्कळदा माल तोच आणि पोते नवे. काही नव्या आवृत्त्यांत आवाज सरसकट मोठा केलेला असे. हळू आणि जोरकस यांतील अंतर पुसून सगळेच ठासून भरलेले. पहिल्यांदा ऐकताना भारी वाटे, तिसऱ्यांदा कान थके. वजन वाढावे म्हणून धान्यावर पाणी शिंपडणारे त्यांनी मोंढ्यात पाहिले होते. हा प्रकार त्यांना नवा वाटला नाही. अशा प्रती त्यांनी परत जाऊ दिल्या. जुन्या, हलक्या आवाजाच्या प्रती ठेवल्या.

आईला गाणी कळत नसत, पण पुनर्प्रकाशनाचा अर्थ त्यांना सर्वांआधी कळला. श्रुतपंचमीच्या दिवशी घरातील ग्रंथ बाहेर काढून पुसायचे, नवी वेष्टने घालायची, हा त्यांचा नेम. अशाच एका दिवशी मुलाने त्यांना सांगितले की, कित्येक गाण्यांची मूळ फीत जगात एकच असते. ती गेली की गाणे गेले. आई म्हणाल्या, “मग हे मूडबिद्रीसारखंच की.” षट्खंडागमाच्या धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीला जपलेल्या होत्या. त्यांच्या नकला झाल्या, आणि डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 मध्ये अमरावतीहून पहिला भाग छापून निघाला, तेव्हा ते ज्ञान सामान्य श्रावकाच्या हाती आले. पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने तेच ग्रंथ ताम्रपटावर कोरले गेले. आगम आणि गाणी यांची बरोबरी नाही, हे मायलेकरांना ठाऊक होते. पण जपणे पुरेसे नसते, नवी प्रत काढावी लागते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती. 1 जून 2008 रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सलच्या आवारात आग लागून मूळ ध्वनिफितींचे भांडार जळाले. नुकसान किती मोठे होते हे जगाला 2019 मध्ये समजले. ज्यांच्या प्रती आधीच निघाल्या होत्या, ती गाणी निदान ऐकता तरी येतात.

आपल्याकडेही असे घडले आहे. मुंबईचे चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील वादक. 1982 मध्ये त्यांनी भैरवी, ललित, भूपाळीपासून बैरागीपर्यंतचे दहा राग विद्युत वाद्यांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजविले. तबकडी निघाली आणि विस्मरणात गेली. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा युरोपातील जाणकार थक्क झाले. तेथे पुढे काही वर्षांनी जन्मलेल्या नृत्यसंगीताचा नाद त्यात आधीच होता. उतारवयात त्या वादकाला परदेशातून कार्यक्रमांची निमंत्रणे आली. ही सीडी कपाटात आली तेव्हा तिच्यासाठी जागा करण्यात त्यांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

मग 2014 आणि 2015 अशी दोन वर्षे मराठवाड्यात पाऊस रुसला. मोंढ्यात आवक घटली, उधारी अडकली. शेतकऱ्याकडे मागायचे कोणत्या तोंडाने, आणि बँकेला सांगायचे काय? अण्णा तोवर गेले होते. गादीवर थोरले बंधू, दादा, होते. एका रात्री खाती जुळविताना दादांनी वर न पाहताच विचारले, “तुझ्या त्या कपाटाची किंमत काय येईल?”

प्रश्न रास्त होता. तीनशे चकत्यांना सरासरी चारशे रुपये धरले तरी सव्वा लाखाच्या घरात रक्कम गुंतलेली होती. 2016 च्या फेब्रुवारीत निवडक चाळीस सीडी पिशवीत घालून ते देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला गेले. ऱ्हिदम हाउस त्याच महिन्याच्या अखेरीस बंद होणार होते. आत निरोप घेणाऱ्यांची गर्दी होती. जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याने पिशवी चाळली आणि नगाला वीस रुपये सांगितले. गाणी आता फोनवर मिळतात, चकती कोण घेतो? त्यात एक सीडी काढून त्याने उजेडात धरली. इंग्लंडमधील एका कारखान्यात 1990 च्या आसपास तयार झालेल्या काही चकत्या कालांतराने आतून गंजून तांबूस पडतात. ही त्यांपैकीच होती. कडेने सुरू झालेला डाग आत सरकत होता. जी वस्तू जन्मभर टिकेल म्हणून घेतली, तीसुद्धा झिजतच होती. त्यांनी पिशवी बांधली आणि परतीची गाडी धरली.

घरी आल्यावर त्यांनी दादांना सरळ सांगितले, “चाळीस नगांचे आठशे रुपये. म्हणजे सगळ्या कपाटाचे सहा हजार.” दादा रागावतील अशी त्यांची अपेक्षा होती. दादा बराच वेळ पेनाचे टोपण काढ-घाल करीत राहिले. मग म्हणाले, “बनी तो बनी, नहीं तो परभणी! अरे, पैशाचं नव्हतंच ते. सूर्यास्ताआधी जेवण झालं की तू माडीवर जायचास. अण्णा गेल्यापासून इथं मी एकटाच बसतो, दहा वाजेपर्यंत. कपाट गेलं तर तू खाली बसशील, असं वाटलं होतं.”

तीस वर्षे चकत्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने ही नोंद कधी केली नव्हती. किती खर्च झाले हे वहीत होते. कोणाच्या वाट्याचे खर्च झाले हे नव्हते. परिग्रहाची मर्यादा त्यांनी वस्तूंना घातली होती, वेळेला घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीडी प्लेअर माडीवरून उचलून दुकानात, गादीशेजारच्या फळीवर ठेवला. त्या दिवसापासून संध्याकाळी दोघे मिळून खाती लिहितात. ती मिटली की अर्धा तास एखादी सीडी लागते. दादांना फंकचा ठेका गोंगाट वाटतो. सोल त्यांना बरे वाटते. पण जॉनी कॅश लागला की ते चष्मा काढून ठेवतात. “हा माणूस हिशेब सांगितल्यासारखं गातो. कमी नाही, जास्त नाही,” हे त्यांचे मत. तो लहानपणी कापूस वेचीत असे, हे कळल्यावर त्यांनी जिन्याखालचा आजोबांचा काटा पुसून दुकानात आणून ठेवला.

वहीच्या पहिल्या पानावरील तीनशेचा आकडा त्यानंतर खोडून शंभर केला गेला. दोनशे चकत्या ओळखीच्या मुलांना, एका संगीत शिक्षकाला, पुण्याच्या जुन्या सोबत्याला दिल्या. कोणती द्यावी, कोणती ठेवावी हे दोघा बंधूंनी मिळून ठरविले; त्याला पूर्ण एक उन्हाळा लागला. तांबूस डागाची ती चकती मात्र ठेवली आहे. तिच्यावरील पहिली तीन गाणी अजून नीट वाजतात. चौथे अडखळू लागले की दादा हात लांब करून यंत्र बंद करतात आणि म्हणतात, “चला, पुरे.”