सहाशे सोळा

मे महिना सरत आला की आबा कराडला निघायचे आणि मी हट्टानं त्यांच्या मागं लागायचो. पाऊस लागायच्या आत जीपला मागचे दोन टायर घालायचे असत. ते काम त्यांनी कधी कुणावर सोपवलं नाही. दुकानाच्या दारात टायरांच्या उतरंडी रचलेल्या असत. आत शिरलं की नव्या रबराचा उग्र वास अंगावर यायचा. आजही कुठं तो वास आला की मी क्षणभर दहा वर्षांचा होतो. गल्ल्यावरचे काका वहीतून मान वर न काढता विचारायचे, "साइज?"

"सहाशे सोळा," आबा सांगायचे.

सहा इंच रुंदीचा टायर आणि सोळा इंचाची रिम. विलीजच्या जमान्यापासून जीपला हाच टायर बसत आलेला, त्यामुळं साइजचा विषय तिथंच मिटायचा. मग काका वही मिटायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कुटं घालायचाय?"

या प्रश्नात सगळं यायचं. पुढं घालायचाय का मागं, डांबरी रस्त्याला का कच्च्या वाटेला, गाडी भरून पळणार का रिकामी. आबा बैजवार सांगायचे, काका ऐकून घ्यायचे आणि त्यानंतरच पोऱ्या माळ्यावर चढायचा.

आमची जीप वडापाची. १९९६ साली आबांनी जुनी महिंद्रा कमांडर घेतली आणि पाटणहून सड्यावरच्या वाड्यांना ती धावू लागली. एसटी जिथून माघारी वळायची, तिथून पुढची माणसं आबांची. बाजारादिवशी आत-बाहेर मिळून वीसेक माणसं, टपावर भाताची पोती, कुणाचं तरी पत्र्याचं कपाट, पाय बांधलेल्या कोंबड्या. खाली थोडं डांबर, मग तांबड्या मातीचा उभा चढ आणि वर सड्यावर जांभ्याचा उघडा कातळ. पावसाळ्यात या तिन्हींच्या घसरायच्या तऱ्हा वेगळ्या. डांबरावर पाण्याचा पापुद्रा, चढाला लोण्यासारखा चिखल, कातळावर शेवाळ. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांची लांबलचक पाती वर न्यायला रस्ते झाले, ती गोष्ट पुढची.

दुकानात मुख्य जाती तीन: रिब, लग आणि सेमी-लग. रिब टायरला उभ्या, सरळ रेघा असतात. तो डांबरावर सुतासारखा सरळ पळतो आणि स्टेअरिंगला हलका लागतो, म्हणून पुढं घालायचा. लगला आडव्या जाड पट्ट्या. तो मातीत नखं रोवतो, आणि कमांडरचा जोर मागच्या चाकांना, म्हणून लग मागं. सेमी-लग दोघांच्या मधला: मधोमध रेघा आणि कडेला पट्ट्या. आज ज्याला सगळे एटी, म्हणजे ऑल टेरेन म्हणतात, त्याचं कूळ मला या सेमी-लगमध्ये दिसतं. याशिवाय कधीमधी मिलिटरी नक्षीचे जाड पट्ट्यांचे टायर यायचे. चिखलात ते राक्षसासारखे ओढायचे, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारला की भरवसा नाही आणि आवाज तर एवढा की मागच्या बाकावरचं बोलणं पुढं ऐकू यायचं नाही. आबांनी ते एकदाच घातले.

टायर खाली आला की आबा उकिडवे बसायचे. आधी दोन्ही हातांनी तो फिरवून बघायचे. मग अंगठ्याचं नख रबरात दाबायचे. नख उमटून खळी लगेच भरून आली की माल ताजा, असा त्यांचा हिशोब. करंगळी खाचेत घालून खोली मापायचे. कडेवर आठ प्लाय छापलेलं असायचं, तरी आतून तळहात फिरवून एखादी गाठ किंवा सुरकुती लागते का ते बघायचेच. एवढं झालं की टायर उभा करून जमिनीवर आपटायचे. तो कसा उसळी घेतो हे बघून ते काकांकडं मान हलवायचे. मग पैसे. थोडे रोख आणि उरलेले दिवाळीपर्यंत.

चार टायर एकदम घेणं कधी परवडलं नाही. त्यामुळं एकेका टायरला चार-पाच जन्म असायचे. मागं झिजलेला लग उन्हाळ्यात पुढं यायचा, पुढचा बरा असेल तो स्टेपनीला जायचा आणि स्टेपनी रिमोल्डला. कडेला चीर गेली तर आतून गेटर बसवून टायर पुन्हा रस्त्यावर. अगदीच संपला की चपलांचे तळ व्हायचे, परड्यात कोंबड्यांना पाणी ठेवायला अर्धा कापलेला टायर व्हायचा. टायर फेकून दिलेला मी लहानपणी पाहिलाच नाही.

रात्री शेवटची फेरी झाली की आबा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चाकापाशी बसायचे आणि मला हाक मारायचे, "बॅटरी धर." खाचांत अडकलेले जांभ्याचे खडे ते एकेक करून उचकटायचे. खडा तसाच राहिला की फिरता-फिरता आत घुसतो नि टायर फाडतो, असं ते सांगायचे. मी बॅटरी धरायचो. थंडीत हात गारठायचे, पण चारही चाकं झाल्याशिवाय सुटका नसायची. आणि पहाटे जीप निघाली की पहिला मैलभर चाकं धडधडायची. नायलॉनचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की जमिनीला टेकलेली बाजू चपटी होते, गरम झाल्यावर पुन्हा गोल होते. ती धडधड ऐकून आई चूल पेटवायची.

पाटणात आमचे पंक्चर काढायचे ते अण्णा, केरळहून आलेले. त्या काळात गावोगावी अशी मल्याळी माणसं पंक्चरच्या टपऱ्यांवर दिसायची. टॉमीनं टायर रिमवरून उचकटणं, ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघणं, काचपेपरनं घासून सोल्यूशन लावणं, मग वर फुंकर. हवा किती मारायची हे अण्णा मीटरवर बघायचे आणि आबा पान्ह्यानं टायरवर ठोकून आवाजावर ठरवायचे. वीस माणसं घेऊन चढायचं म्हणजे टायर दगडासारखा लागला पाहिजे, हा आबांचा नियम होता.

हे सगळं आठवताना माझं मन भरून येतं, पण एक प्रसंग मी विसरू शकत नाही. १९९९ च्या जुलैत, उतारावर, रिमोल्ड केलेल्या टायरचं वरचं कातडं सोलून निघालं. चिकटवण नीट बसली नव्हती. जीपमध्ये चौदा माणसं. आबांनी गाडी दरीकडं जाऊ दिली नाही, डोंगराला घासत नेऊन थांबवली. एका म्हातारीचं मनगट मोडलं. तिला पाठीवर घेऊन आबा खाली दवाखान्यापर्यंत गेले आणि त्यानंतर आयुष्यात त्यांनी रिमोल्ड टायर घातला नाही. दोन फेऱ्या जास्त मारल्या, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, पण मागं नवेच टायर. म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणवत नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या थारचे टायर बदलायचे होते. मी पुण्यात राहतो. आबा डोळ्यांच्या तपासणीला आले होते, तेव्हा त्यांना बरोबर घेतलं. दुकान गार, लख्ख, रबराचा वास जेमतेम. भिंतीवर टायर चित्रांसारखे टांगलेले. विक्रेता मुलगा आदबीनं वागत होता. त्यानं आधी बजेट विचारलं, मग म्हणाला, "सर, लूक कसा हवाय?" आणि मोठ्या, दातेरी टायरांचे फोटो दाखवू लागला. "पावणेतीनशे घाला सर, गाडी भरलेली दिसते."

माझ्या गाडीला कंपनीचा टायर २५५/६५ आर १८. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १८ इंचाची. मुलगा सुचवत होता २७५/६५. मी तिथंच कागदावर हिशोब मांडला. पहिल्याची एकूण उंची साधारण ७८९ मिलिमीटर, दुसऱ्याची ८१५. फरक २६ चा, पण त्यातला अर्धाच गाडीच्या पोटाखाली मिळतो. म्हणजे १३ मिलिमीटर, करंगळीच्या जाडीएवढा. त्यासाठी चाक जड होणार, इंजिनाला ओढायला जास्त लागणार, पूर्ण वळणावर टायर आत घासण्याची शक्यता आणि मीटरवर ८० दिसत असताना गाडी ८२-८३ नं पळणार. हे मला पटलं नाही. टायर बदलायला येणाऱ्या तरुण मुलांना कुणीतरी हा हिशोब करून दाखवायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

आबा खुर्चीत बसून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "कुटं घालायचाय?"

पंचवीस वर्षांनी तो प्रश्न कानावर पडला. मी खरं उत्तर शोधायला लागलो. गाडी चार वर्षांत बावन्न हजार किलोमीटर पळाली. महिन्यातून दोनदा गाव, एका खेपेला पावणेदोनशे किलोमीटर, त्यातला जवळजवळ सगळा महामार्ग. कच्ची वाट शेवटची, जेमतेम चार किलोमीटर. हिशोबानं बघितलं तर साधा हायवे टायर पुरेसा. तो शांत पळतो, डिझेल कमी खातो. पण त्या चार किलोमीटरच्या टोकाला आमचं घर आहे, आणि जून ते सप्टेंबर तिथं तोच तांबडा चिखल आणि तोच जांभा. म्हणून एटी घ्यायचा ठरला, कंपनीच्याच मापाचा. चिखलाचा म्हणून मिळणारा एमटी नको, कारण उरलेल्या सगळ्या वाटेवर तो मिलिटरी नक्षीसारखाच वागतो.

निवडायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. ऑल टेरेन नावाचा रेडियल बीएफगुडरिचनं १९७६ मध्ये अमेरिकेत आणला. आपल्याकडं असली परदेशी नावं हौशी जीपवाल्यांच्या तोंडीच असायची. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं टायरच्या आयातीवर निर्बंध घातले आणि बाहेरचे टायर मिळणं अवघड झालं. आज अपोलो, सीएट, एमआरएफ, जेके यांचे इथंच बनलेले एटी टायर समोर मांडलेले असतात. मला याचा अभिमान वाटतो.

आबांना मी कडेवरचे आकडे वाचून दाखवले. १११ हा भाराचा आकडा. एका टायरनं १०९० किलो पेलायचं. आबांनी मनात भागाकार केला. "म्हंजी एका चाकावर पंधरा मानसं," ते म्हणाले आणि कितीतरी वेळ त्या टायरकडं बघत राहिले. त्यांना रेडियलची बांधणीही समजून घ्यायची होती. नायलॉनच्या टायरात दोरे तिरपे, एकावर एक फुल्या मारत गेलेले, त्यामुळं कड आणि तळ एकत्रच वाकतात आणि तापतात. रेडियलचे दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात, वरून तारेचे पट्टे असतात, म्हणून तळ रस्त्याला चिकटून राहतो आणि कड मोकळी वाकते. रेडियल नवे आले तेव्हा ती फुगलेली कड बघून ड्रायव्हरांना हवा कमी वाटायची नि ते जास्तीची हवा मारायचे. आबा म्हणाले, "मी बी मारलीय." एक उणीव मात्र त्यांनी लगेच हेरली. जांभ्याच्या धारेनं कड चिरली तर? तर टायर गेला, मी सांगितलं. कडेला ठिगळ चालत नाही, गेटरचे दिवस संपले. म्हणून कडेवरही जाड गाठी असलेला टायर आम्ही निवडला.

चार टायर आणले गेले. आबा गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं खाली बसले आणि एकेकाला नख लावत गेले. चारही सारखेच ताजे, असा त्यांनी निर्वाळा दिला. मग मी कडेवरचे चार अंक बघितले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन टायर काही महिन्यांपूर्वीचे होते. चौथा अडीच वर्षांचा. विक्रेत्यानं काही न बोलता तो बदलून आणला. आबांनी मला ते अंक पुन्हा वाचायला लावले, मग स्वतः बोट फिरवून वाचले. "आमी नखावर इस्वास ठिवला," ते हळूच म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत. उतारावरचा तो जुलै त्यांच्याही डोळ्यांपुढं असावा. खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या आडव्या पट्ट्याही मी दाखवल्या. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली आणि कायद्यानं टायर संपला. चिखलासाठी तो त्याच्या फार आधीच संपतो, हे आबांनीच मला सांगितलं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गावी गेलो. डांबर संपलं तिथं मी उतरलो आणि चारही चाकांतली हवा बत्तीसवरून बावीसवर आणली. दगडासारखा टायर मागणारे आबा बघत होते. मी सांगितलं की गाडीत दोघंच आहोत, टायर थोडा पसरू दे, चिखल जास्त धरेल. परत डांबराला लागलो की छोट्या पंपानं भरून घेऊ. त्यांनी मान डोलावली. चढाला गाडी एकदा थरथरली, एकदा मागून किंचित सरकली आणि खाचांतला चिखल मडगार्डवर भिरकावत वर गेली. ज्या वळणावर १९९९ मध्ये जीप डोंगराला लागली होती, तिथं आबांनी डॅशबोर्डवरची कडी धरली. वळण सरलं तशी सोडली.

घरी पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. मी सामान आत नेऊन बाहेर आलो, तर आबा मागच्या चाकापाशी बसलेले. हातात तोच लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. खाचेत जांभ्याचा एक टोकदार खडा रुतला होता.

"बॅटरी धर," ते म्हणाले.

मी खिशातून मोबाइल काढला, त्याचा दिवा लावला आणि त्यांच्या शेजारी बसलो.