असीरगडचा मुक्काम

इंदूरहून बऱ्हाणपूरमार्गे खानदेशात लग्नकार्यास जाणाऱ्या मराठी घरांत असा माणूस विरळाच, की ज्याने असीरगड मोटारीच्या खिडकीतून पाहिला नाही. सातपुड्याची वळणे संपत आलेली असतात, मुले पेंगुळलेली असतात, आणि कोणी वडीलधारे म्हणतात, "तो पाहा असीरगड!" मुले मान वळवतात तोवर गड मागे पडलेला असतो. आम्हीही तीस-पस्तीस वर्षे तो असाच पाहत आलो. वर्गात 'दक्षिणेचा दरवाजा' म्हणून त्याचे वर्णन केले. परंतु त्या दरवाज्याची पायरी काही चढलो नव्हतो.

तो योग गेल्या मार्गशीर्षात आला. आमचे एक स्नेही आमच्याच शाळेत इतिहास शिकवीत. सेवानिवृत्तीनंतर इंदुरातील चार पिढ्यांचे घर विकून मुलाकडे पुण्यास जाण्याचे त्यांनी ठरविले होते. आम्हाला ते रुचले नव्हते, आणि ते आम्ही बोलूनही दाखविले होते. तेव्हापासून आमच्या बोलण्यात थोडा आखडतेपणा आला होता. एका संध्याकाळी तेच येऊन म्हणाले, "हेडमास्तर, जाण्यापूर्वी असीरगड पायी करू. खिडकीतून पुष्कळ झाला."

पाठीवर एकेक घोंगडी, पातेले, डाळ-तांदूळ, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही बऱ्हाणपुरास उतरलो. तेथील जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहाचा, 1590 च्या सुमाराचा लेख आहे. अरबीच्या जोडीला तो संस्कृतातही कोरलेला आहे. स्नेही त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. "ज्या मुलखात राहायचे, त्याची भाषा दगडावर घ्यावी लागते," एवढेच म्हणाले. आम्ही उत्तर दिले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पायथ्याचे गाव वीस-बावीस किलोमीटर. दुतर्फा केळीच्या बागा, पुढे कापूस आणि तूर. निंबोल्यापर्यंत पाय चालत होते, त्यानंतर आम्ही पायांना चालवीत होतो. दिवेलागणीस पोहोचलो. शाळेच्या गुरुजींनी ओसरी दिली. मास्तरकीचा हा लाभ कोठेही मिळतो. शेकोटीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने निमाडी-खानदेशी मिसळीच्या बोलीत विचारले, "तुम्ही कुठले?" स्नेही म्हणाले, "मूळचे साताऱ्याकडचे, राहणारे इंदूरचे, आणि आता जाणार पुण्यास." म्हातारा हसला. "मंग अजून ठरलं नाही म्हणा की!"

सकाळी धुके होते. खालचा मुलूख बुडालेला आणि वर तेवढा गडाचा माथा तरंगणारा. समुद्रातील बेटच जणू. गाडीरस्ता सोडून आम्ही जुन्या पायऱ्यांची वाट धरली. पायथ्यापासून सुमारे 850 फूट चढ. खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर असीरगड, असे तीन किल्ले एकात एक बसविलेले आहेत. एक तट जिंकला तरी शत्रूच्या वाट्यास येतो तो दुसरा तट.

तथापि हा गड बळापेक्षा कपटाने आणि वाटाघाटीनेच अधिक पडला. आसा अहिराने विश्वासाने आत घेतलेल्या पालख्यांतून नसीरखान फारुकीचे सशस्त्र लोक उतरले, अशी कथा आहे. 1600 साली अकबर स्वतः येऊन बसला, तरी 1601 चा जानेवारी उजाडेपर्यंत गड हाती आला नाही. अखेर तो सोन्याच्या किल्लीने उघडला, असे म्हणतात. उदगीरच्या लढाईनंतर 1760 मध्ये तो पेशव्यांकडे आणि पुढे शिंद्यांकडे आला.

माथ्यावर मशिदीचे मिनार, महादेवाचे देऊळ, तळी आणि इंग्रजांच्या बराकींचे अवशेष एकमेकांच्या शेजारी आहेत. अश्वत्थामा रोज पहाटे येऊन या महादेवास फूल वाहून जातो, अशी श्रद्धा आहे. स्नेही पिंडीपुढे हात जोडून म्हणाले, "ज्याला घरच उरले नाही, तोही पूजेला मात्र एकाच ठिकाणी येतो!"

मग आम्ही तटावर बसलो. पलीकडच्या डोंगरांत कोठेतरी धुळकोट. 1818 च्या मे महिन्यात दुसरे बाजीराव तेथे तळ देऊन होते. 3 जूनला ते माल्कमच्या छावणीत गेले, आणि सालीना आठ लाखांच्या नेमणुकीवर बिठूरला निघाले. गड मात्र पडला नव्हता. तो इंग्रजांस तात्पुरता द्यावा असे शिंद्यांनी 1817 च्या तहात कबूल केले होते. किल्लेदार यशवंतराव लाड देईना. पेशवाई बुडाल्यावरही दहा महिने तो वर होता. तोफांचा भडिमार सोसून अखेर 9 एप्रिल 1819 रोजी तो खाली उतरला. आत शिंद्यांचे पत्र सापडले, त्यात बाजीरावांचा हुकूम मानावा अशी आज्ञा होती. शिंद्यांचा गड त्यामुळे कायमचा गेला.

"जो गेला त्याला आठ लाख, आणि जो राहिला त्याचे नावही मुलांना ठाऊक नाही," आम्ही म्हणालो. शब्द तोंडून सुटले आणि ते कोठे लागले हेही तत्क्षणी कळले. स्नेही शांतपणे म्हणाले, "हेडमास्तर, बाजीरावांबरोबर बायकामुले होती, हेही वर्गात सांगत जा. माझी पत्नी गेल्यावर त्या घरात सात खोल्या आणि मी एकटा. गड राखायला शिबंदी लागते." आम्ही मान खाली घातली. इतक्या वर्षांच्या सहवासात हे आम्ही विचारलेच नव्हते.

उतरताना त्यांचा डावा गुडघा सुजला. पाणी संपले होते, ऊन कलत होते. त्यांचे ओझे आम्ही घेतले, खांदा दिला, आणि पायरी पायरी मोजीत अंधार पडता पडता ओसरी गाठली. गुरुजींच्या पत्नीने हळद-तेल गरम करून दिले. पायी परतण्याचा बेत राहिला. एक मुक्काम वाढला. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून खिचडी केली, ती थोडी करपली, आणि कित्येक महिन्यांनी पूर्वीसारखे मोकळे बोललो.

परत निघताना मोटारीत स्नेह्यांना खिडकीजवळ बसविले. पाय लांब करून ते गडाकडे पाहत राहिले. या वेळी तो मागे पडेपर्यंत मान वळलेलीच होती.

घर माघात विकले गेले. किल्ली नव्या मालकाच्या हाती देताना आम्ही शेजारी उभे होतो. आता अधूनमधून पुण्याहून पत्र येते. परवाच्या पत्रात त्यांनी लिहिले आहे, की बोलण्याच्या ढंगावरून शेजारी विचारतात, "तुम्ही कुठले?" आणि ते सांगतात, "इंदूरचे." खाली एक ओळ वेगळी होती: 'त्या म्हाताऱ्यास कळवा, ठरले.'