खेळाडूचा प्रवेश : काही टिपणे

बारावीचा निकाल लागला की संभाजीनगरात गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी सकाळी ओळखीचे चेहरे वाढतात. निरनिराळ्या कॉलेजांचे क्रीडा संचालक मैदानाच्या कडेला उभे असतात, नजर पोरांवर. शालेय स्पर्धेत राज्यापर्यंत गेलेल्या मुलाला या दिवसांत तीन-चार ठिकाणांहून फोन येतात. फी बघून घेऊ, हॉस्टेलचं करू, किट देऊ, तू फक्त फॉर्म भर. सगळं तोंडी. कागदावर काहीच नसतं, आणि पुढची बरीचशी रडगाणी तिथूनच सुरू होतात.

*

एक वडील गंगापूर तालुक्यातून मुलीला घेऊन आले होते. भालाफेक करणारी मुलगी. हातात प्लास्टिकच्या कप्प्यांची फाईल, एकेका कप्प्यात एकेक प्रमाणपत्र, वर पासपोर्ट फोटो टाचलेला. संचालकांनी फाईल मागच्या पानापासून उघडली. मागे जुनी तालुका पातळीची, पुढे राज्याची. "सर, पोरगी तुमच्या हवाली," वडील म्हणाले. सर म्हणाले, "दादा, हवाली नका करू. आधी तिला विचारा, पहाटे साडेपाचला ती मैदानावर पोचणार कशी?" वडिलांनी मुलीकडे पाहिलं. तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं : "हॉस्टेलपासून रिक्षा मिळते का सर तेवढ्या पहाटे?" त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा प्रश्न तिचा होता.

*

घरचे कॉलेजचं नाव बघतात. त्यात चूक नाही. या शहरात नावं आहेतच : सरस्वती भुवन संस्था १९१५ची, डॉ. बाबासाहेबांनी नागसेनवनात उभं केलेलं मिलिंद १९५०चं, देवगिरी १९६०चं, मौलाना आझाद १९६३चं. पण खेळाडूने नावासोबत चार गोष्टी तपासाव्यात. मैदान कॉलेजचं स्वतःचं आहे की मागून आणलेलं? मार्गदर्शक कायम नोकरीत आहेत की तासिका तत्त्वावर? आपल्या खेळाचा संघ गेली दोन-तीन वर्षं खरोखर उतरलाय का? आणि जिमच्या खोलीची चावी कुणाकडे असते? शेवटचा प्रश्न हसण्यासारखा वाटतो, पण कुलूपबंद जिम मी बऱ्याच पाहिल्यात.

*

सांघिक आणि वैयक्तिक खेळांचं गणित वेगळं असतं. धावणं, कुस्ती, तलवारबाजी यांत कॉलेज लहान असलं तरी बिघडत नाही. निवड चाचणीत वेळ आणि गुण बोलतात. तिथे प्रशिक्षकाच्या जवळ राहणं महत्त्वाचं. साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातच आहे, त्यामुळे तलवारबाजीच्या पोरांना हे शहर सोडवत नाही. खो-खो, कबड्डीत मात्र उरलेला संघ कसा आहे यावर तुमचं दिसणं ठरतं. दमदार संघात राखीव बसायचं की साध्या संघात पहिल्या दिवसापासून खेळायचं? माझं मत : पहिल्या वर्षी खेळायला मिळेल तिथे जा. बाकावर बसून कुणाचाही खेळ सुधारलेला नाही.

*

विद्यापीठाचं कार्यक्षेत्र चार जिल्ह्यांचं : संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव. अंबाजोगाईच्या किंवा तुळजापूरच्या कॉलेजातली मुलगीही विद्यापीठाच्या त्याच संघासाठी झगडते. शहरात आलं नाही तर संधी गेली, ही भीती निम्मी खोटी आहे. उरलेली निम्मी खरी आहे, कारण सिंथेटिक ट्रॅक आणि फिजिओ तालुक्याला सापडणं कठीण.

*

प्रमाणपत्राची पातळी नीट समजून घ्यावी. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाकडून खेळलेला उमेदवार पात्र धरला जातो. नुसतं आंतरमहाविद्यालयीन पदक तिथे चालत नाही. म्हणून 'कलर होल्डर', म्हणजे विद्यापीठाकडून खेळलेला खेळाडू, होण्यासाठी पोरं जीव टाकतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याचे निकष वेगळे आणि प्रमाणपत्राची पडताळणी कडक. ती कडक का झाली हे मराठवाड्याला सांगायला नको. नोकऱ्यांसाठी मिळवलेल्या ट्रॅम्पोलीनच्या बोगस प्रमाणपत्रांनी खऱ्या खेळाडूंचीही मान खाली गेली.

*

आंतरविद्यापीठ स्पर्धा बहुतेक हिवाळ्यात आणि सत्र परीक्षाही त्याच सुमारास. त्यात ७५ टक्के हजेरीची अट. ज्या कॉलेजात क्रीडा संचालक आणि प्राचार्य एकमेकांशी बोलतात तिथे तोडगा निघतो. जिथे बोलत नाहीत तिथे पोराला पदक की पेपर, असं निवडावं लागतं. प्रवेश घेण्याआधी त्याच कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूला गाठा आणि विचारा, तुझा पेपर बुडला तेव्हा काय झालं? माहितीपत्रकात हे उत्तर छापलेलं नसतं.

*

अमेरिकेतल्या मराठी घरांतही हीच घालमेल असते, फक्त तिथे कागद जास्त. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, मिडलबरी ही लहान कॉलेजं. विल्यम्समध्ये जेमतेम दोन हजार विद्यार्थी. ती तिथल्या तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, खेळतात आणि त्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच मनाई आहे. मदत मिळते ती घरची ऐपत बघून, काही कॉलेजांत गुण बघूनही. मग प्रशिक्षकाच्या हाती काय उरतं? तो तुमची गुणपत्रिका आधीच प्रवेश कार्यालयाकडून तपासून घेतो आणि तुमच्यासाठी शब्द टाकतो. त्या बदल्यात बहुधा मुलाने एकाच कॉलेजला बांधून घ्यायचं असतं. हार्टफर्डचं ट्रिनिटी हेही असंच छोटं कॉलेज. त्याच्या स्क्वॉशच्या संघाने १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले आणि त्या संघांत भारतीय पोरंही होती. तेव्हा छोटं कॉलेज म्हणजे छोटा खेळ, हे कुठेच खरं नाही.

*

तिकडे मुलांना एक प्रश्न हमखास विचारायला सांगतात : उद्या पाय मोडला आणि खेळ थांबला, तरी या कॉलेजात शिकायला आवडेल का? हा प्रश्न आपण उसना घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे कबड्डीत गुडघ्याचा लिगामेंट गेला की पोरगं दोन महिन्यांत वर्गातूनही गायब होतं, कारण विषय त्याने निवडलेलाच नसतो. क्रीडा संचालकांनी जिथे जागा होती तिथे नाव घातलेलं असतं. भूगोल आवडणाऱ्या मुलाला भूगोलच घेऊ द्या. खेळ संपल्यावर उरणारी पदवी त्याच विषयाची असते.

*

सगळ्यांची वाट कॉलेजातून जात नाही हेही मान्य करायला हवं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्पर्धात्मक धावणं तिथे सुरू झालं आणि २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्य मिळवलं. दुसरीकडे धाराशिवची सारिका काळे. खो-खोसाठी तिला २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती तालुका क्रीडा अधिकारीही झाली. कुणाचं बघून आपलं ठरवायचं असेल तर निदान दोघांचंही बघावं.

*

आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आधी याच शहरासाठी ठरलं होतं, करोडीची जागाही बघितली होती. ते पुण्याला बालेवाडीला गेलं. इथे आंदोलनं झाली. सप्टेंबर २०२३मध्ये मंत्रिमंडळाची बैठक शहरात भरली तेव्हा इथल्या क्रीडा विद्यापीठाची पुन्हा घोषणा झाली. राजकारणावर बोलणारे पुष्कळ आहेत. पोरांना एवढंच सांगणं : घोषणेच्या भरवशावर वर्ष थांबवू नका. आज ज्या मैदानावर सकाळी पाणी मारलेलं असतं, ते मैदान खरं.

*

पालकांना शेवटचं. कॉलेजने कबूल केलेली फी, हॉस्टेल, प्रवासखर्च, आहार, सगळं प्राचार्यांच्या सहीने लेखी मागा. मागायला लाजू नका. तुमची मुलगी त्यांच्या नावाने खेळणार आहे. दुखापत झाली तर ही सवलत पुढच्या वर्षी चालू राहील का, हे त्याच कागदावर लिहून घ्या. जे कॉलेज एवढं लिहून देईल तिथे डोळे झाकून प्रवेश घ्या. जे टाळाटाळ करेल, त्याचा ट्रॅकसूट कितीही भारी असो, तिथून उठा.