पोटभाडेकरू



यावेळचा विषय स्वयंपाकघराचाच आहे, पण ते स्वयंपाकघर कारंज्यातलं नाही, न्यूयॉर्कमधलं आहे. माझा मुलगा आणि सून क्वीन्स भागात एल्महर्स्टला राहतात. तिथलं जैन मंदिर पायी जाण्याइतकं जवळ, म्हणूनच त्यांनी ती भाड्याची जागा धरली. एक झोपायची खोली, एक बैठक आणि बैठकीच्या भिंतीला लागूनच ओटा. २०१९ साली मी तिथे दोन महिने राहून आले. त्या ओट्यावर कधी बटाटासुद्धा आला नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

२०२४ च्या मे महिन्यात मुलाचा फोन आला. "आई, दशलक्षणाच्या बरंच आधी येतो आणि दिवाळीचा निर्वाण लाडू चढवूनच परत जातो. चांगले तीन महिने." मी हातातलं काम सोडून यांना हाक मारली. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "घर तोवर सामानासकट भाड्याने देतो म्हणतो."

मी बी.कॉम. आहे. नोकरी कधी केली नाही, पण आकडा ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याचं भाडं महिन्याला २,२०० डॉलर. घर कुलूप लावून ठेवलं तर तीन महिन्यांचे ६,६०० डॉलर, म्हणजे साडेपाच लाख रुपये, रिकाम्या भिंतींना. फिरायला येणाऱ्यांना रात्रीच्या हिशेबाने दिलं तर रात्रीचे १५० डॉलर सहज मिळतात. साठ रात्री जरी भरल्या तरी ९,००० झाले. भाडं जाऊन २,४०० उरतात. दोन लाख! दोघांच्या विमानाच्या तिकिटांचा बराचसा भार त्यात निघाला असता.

हे सगळं ऐकून मी पहिलं काय विचारलं असेल? "आणि त्यांनी आपल्या कढईत मासे तळले तर?"

तिकडे शांतता. मग मागून सुनेचा आवाज आला, "आई, मी कालपासून तेच म्हणते आहे."

कढईचं बोलणं आटोपल्यावर मुलाने हळूच दुसरी गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून नवा कायदा कडकपणे लागू झाला आहे. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर शहराकडे नोंदणी करावी लागते, पाहुणे असताना यजमानाने स्वतः त्या घरात राहावं लागतं, आणि पाहुणेही दोनच ठेवता येतात. घर देऊन भारतात निघून जाणं त्यात बसतच नाही. नोंदणी नसेल तर भाड्याच्या संकेतस्थळांवर बुकिंगही होत नाही. त्याच्या एका ओळखीच्याने तोडगा सुचवला होता : ओळखीपाळखीतून माणसं शोध, रोख पैसे घे, आणि इमारतीत कुणी विचारलं तर चुलतभाऊ आले आहेत म्हणून सांग.

मी म्हटलं, "बघ बाबा, तुझं तू ठरव." एवढंच म्हटलं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझी मलाच लाज वाटली. कढईसाठी मी तोंड उघडलं आणि खोट्या चुलतभावासाठी "तुझं तू ठरव"? दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी व्रतांचे अतिचार येतात. सत्याच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, अचौर्याच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे. राज्याचा नियम डावलून केलेला व्यवहार. इतकी वर्षं ऐकते आहे, पण ते व्यापाऱ्यांसाठी असावं असंच मला वाटायचं. आपल्यासाठी काय, तर कांदा, लसूण आणि रात्रीचं जेवण.

सकाळी सामायिकानंतर मीच फोन केला. म्हटलं, कढई बदलता येते. तुझा तो चुलतभाऊ मला नको.

मग मुलाने सरळ रस्ता शोधला, आणि तो आहे. न्यूयॉर्क राज्यात चार किंवा जास्त घरांच्या इमारतीत भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी मागण्याचा हक्क आहे. घरमालकाला सर्टिफाइड मेलने पत्र पाठवायचं, त्यात कोण येणार, किती दिवस, आपण का जातो आहोत, कुठे असणार, सगळं लिहायचं. मालकाला वाजवी कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही, आणि तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही तर संमती धरली जाते. आपल्याकडे महाराष्ट्रात मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर घर खाली करावं लागतं, पण गप्प बसणं म्हणजे होकार असं काही मी आपल्याकडे ऐकलं नाही. त्यांच्या जागेचं भाडं सरकारी नियंत्रणातलं. तशा घरात सामानासकट द्यायचं असेल तर भाड्यावर फार तर दहा टक्के घेता येतात. म्हणजे महिन्याला २,४२०. तीन महिन्यांत उरणार ६६० डॉलर. मी वहीत दोन्ही हिशेब शेजारी मांडले. फरक १,७४० डॉलर, जवळजवळ दीड लाख. वही मिटली आणि यांना दाखवलीच नाही.

भाडेकरू मिळाली ती एक नर्स. अमेरिकेत काही नर्सेस साधारण तेरा तेरा आठवड्यांच्या करारावर गावोगाव जातात, त्यांना अशीच भरलेली घरं लागतात. मूळची फिलिपिन्सची. म्हणजे मासे आलेच.

नर्स म्हटल्यावर मला आमच्या वाड्यातल्या सिस्टर आठवल्या. १९८५ ची गोष्ट, कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. सासूबाईंनी वरची खोली त्यांना दिली होती. एकट्या बाई, रात्रपाळी करायच्या. माझ्या मोठीला ताप आला तेव्हा पहाटेपर्यंत तिच्या उशाशी बसल्या होत्या. पुढे कधीतरी केराच्या डब्यात अंड्याची टरफलं निघाली. सासूबाई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "महिनाअखेरीस खोली पाहिजे." सिस्टरांनी एक शब्द काढला नाही. ट्रंक रिक्षात ठेवताना त्यांनी माझ्या मुलीचा गाल कुरवाळला. मी दारात उभी होते, "थांबा" म्हणायची हिंमत मला झाली नाही. घर आमचं होतं, नियम आधी सांगितला होता, सासूबाई चुकल्या असं आजही मला म्हणता येत नाही. पण ती ट्रंक मला अजून दिसते.

तर सुनेला मी म्हटलं, नाही म्हणू नकोस. बंदोबस्त कर. भगवंतांचा फोटो आणि जिनवाणी मंदिरातल्या एका मैत्रिणीकडे ठेव. आपली सगळी भांडी, तवा, पाट्या, पाण्याचं गाळणं एका कपाटात घालून कुलूप लाव. तिच्यासाठी दोन पातेली, एक तवा, ताटवाट्या वेगळ्या आण, आणि जाताना तिलाच देऊन टाक. सुनेने करारासोबत एक चिठ्ठी जोडली, घरात शक्यतो मांस शिजवू नये ही विनंती आहे म्हणून. अट नाही, विनंती. फ्रीजचं काय करायचं ते मात्र आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

मुलं आली. दहा दिवस मुलाने एकाशन केलं, सुनेने अनंत चतुर्दशीचा उपवास धरला, बालात्कार गणाच्या मंदिरात रोज अभिषेकाला गेली. तीन महिने भुर्रकन गेले.

परत गेल्यावर घर लख्ख असल्याचं त्यांनी कळवलं. नळसुद्धा घासलेले. नवीन पातेली तिने नेली नाहीत, धुऊन पालथी घालून ठेवली होती.

जानेवारीत एकदा सून व्हिडिओवर फोडणी टाकता टाकता म्हणाली, "आई, एक सांगू? फ्रीजच्या दारात माशाच्या सॉसची बाटली राहिली होती. अर्धी. मी टाकली, फ्रीज तीनदा धुतला. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

मी जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "तिचं डिपॉझिट पूर्ण परत केलंस ना?"

"पूर्ण केलं, आई. त्याच दिवशी."

"मोहरी जळते आहे बघ," मी म्हटलं.